सिकलसेल वाहकाच्या कार्डावर दोन ओळी वाढवा

मा. संपादक,

सिकलसेल तपासणी शिबिराची बातमी आपल्या अंकात वाचली. ‘वाहक व्यक्तीला कोणताही त्रास होत नाही’ असं त्यात छापलं आहे. माझी सगळी नोकरी ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत झाली. सिकलसेलची प्राथमिक सोल्युबिलिटी टेस्ट लावायची, पॉझिटिव्ह आली की वाहक की रुग्ण हे ठरवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीला नमुना पाठवायचा, हे रोजचं काम. म्हणून त्या वाक्यात थोडी भर घालते.

एएस पॅटर्नची, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचं जनुक आलेली वाहक, बहुतेक माणसं शेती करतात, बाळंतपणं निभावतात, म्हातारी होतात. तपासणीनंतर मिळालेलं कार्ड कुठं ठेवलं तेही विसरतात. पण मूत्रपिंडाचा एक अतिशय दुर्मीळ कॅन्सर जवळपास याच लोकांत आढळतो : रीनल मेड्युलरी कार्सिनोमा. अमेरिकेतल्या डॉ. चार्ल्स डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्याचे ३४ रुग्ण एकत्र मांडले. वयं ११ ते ३९. शस्त्रक्रियेनंतर ते सरासरी १५ आठवडे जगले.

मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त. वाहकाच्या एरवी गोल राहणाऱ्या तांबड्या पेशी तिथं मात्र विळ्यासारख्या वाकतात. गाठ धरते तीही तिथंच, बहुधा उजव्या बाजूला. मुलींपेक्षा मुलांत जास्त. लघवीतून रक्त, कुशीत दुखणं, वजन उतरणं. आपल्याकडे याचं निदान घरीच ठरतं : उन्हाळी लागली. मग धन्याचं पाणी, मग मुतखड्याचं औषध, मग अँटिबायोटिक. हा कॅन्सर सापडतो तेव्हा बहुतेकांत तो मूत्रपिंडाबाहेर पसरलेला असतो. किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरच्या गोळ्या इथं फारशा चालत नाहीत. कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलसारखी केमो देतात, तरी निम्मे रुग्ण वर्ष-सव्वा वर्षापलीकडे जात नाहीत. मूत्रपिंडापुरती गाठ असताना सापडलेले मोजकेच जण जास्त जगले आहेत.

कुणी घाबरू नये. वाहकाच्या लघवीतून रक्त गेलं, तर बहुतेक वेळा त्याच गाभ्यातला रक्तपुरवठा अडल्यानं झालेली इजा कारण असते, आणि ते बहुधा डाव्या मूत्रपिंडातून येतं. पण डावं की उजवं हे घरबसल्या कळत नाही. त्याला सोनोग्राफी लागते, शंका आली तर सीटी स्कॅन. आणि यावरून एएस मुलींची स्थळं मोडणाऱ्यांना नवं निमित्त मिळू नये; हा आजार हजारो वाहकांत एखाद्याला होतो.

प्रयोगशाळेच्या बाजूनंही एक सांगते. बायोप्सीच्या फॉर्मवर ‘सिकलसेल एएस’ लिहिलेलं असेल, तर पॅथॉलॉजिस्टच्या डोक्यात हा आजार लगेच येतो आणि तो आयएनआय-१ या प्रथिनाची तपासणी लावतो. या गाठीत ते प्रथिन नाहीसं झालेलं असतं. प्रत्यक्षात वय आणि लिंग सोडले तर फॉर्मचे रकाने कोरेच येतात, हा माझा अनुभव.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली. म्हणजे या कॅन्सरचं जे वय, नेमकं त्याच वयाच्या हातात कार्ड पडतं आहे. त्यावर लग्न जुळवण्याचा सल्ला असतो. त्याखाली आरोग्य विभागानं एवढं छापावं : ‘लघवी लाल झाली, तर दुखत नसलं तरी सोनोग्राफी करून घ्या. डॉक्टरांना आधी हे कार्ड दाखवा.’ गोंडी आणि माडियातही छापलं तर उत्तम.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)