आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘सर्व्हर स्लो आहे’ ही सबब ऐकून वैतागलेल्या एका वाचकाचं पत्र आपण छापलंत. जुने सर्व्हर भंगारात काढा आणि नवे घ्या, असा त्यांचा सल्ला. वैताग मान्य, पण सल्ल्याबद्दल बोलायला हवं. मी 19 वर्षं सर्व्हर सांभाळते. सर्व्हर संथ म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींत बहुतेक वेळा संथ निघाली ती मागची डिस्क, आणि आठ डिस्क असतील तर पुष्कळदा त्यांतली एकच.

एक प्रसंग सांगते. आठ डिस्कचा रेड-6 अ‍ॅरे होता. (रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच असल्यासारख्या चालवायच्या; अशा संचाला अ‍ॅरे म्हणतात. रेड-6 मध्ये दोन डिस्क मेल्या तरी माहिती शाबूत राहते.) सकाळी कामाची गर्दी झाली की स्क्रीन गोठायची. प्रोसेसर निवांत, लोड, म्हणजे रांगेतल्या कामांची संख्या, मात्र 40 च्या वर. (लिनक्स या सर्व्हरच्या कार्यप्रणालीत डिस्कची वाट बघत अडकलेली कामंही लोडमध्ये मोजली जातात, हे माहीत नसलेले लोक लगेच प्रोसेसर वाढवा म्हणतात.) नव्या सर्व्हरचा प्रस्ताव सहीला गेला होता. मी दोन दिवस मागून घेतले.

आयओस्टॅट हा डिस्कचं काम मोजणारा प्रोग्रॅम लावून दर 5 सेकंदांचे आकडे बघत बसले. त्याचा पहिला तक्ता सोडून द्यायचा असतो, कारण ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते आणि सरासरीत सगळी पापं धुऊन निघतात. पुढच्या तक्त्यांत सात डिस्कचा अवेट, म्हणजे एका मागणीला लागणारा सरासरी वेळ, 10 ते 15 मिलिसेकंद. हे ठीकच. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीलाच 8.3 मिलिसेकंद लागतात. आठव्या डिस्कचा अवेट 380!

तिचा दिवा हिरवा. स्मार्टचा, म्हणजे डिस्कने स्वतःच केलेल्या तब्येत तपासणीचा, निकाल ‘पास्ड’. निकालाखालचे रकाने सहसा कुणी वाचत नाही. 197 क्रमांकाच्या ओळीत 64 सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) प्रलंबित, म्हणजे धड वाचता येत नाहीत आणि बाद म्हणून बदललेही गेलेले नाहीत. असा सेक्टर आला की डिस्क फेरीमागून फेरी घेत तोच वाचायचा प्रयत्न करत राहते. अ‍ॅरेसाठी बनवलेली डिस्क साधारण 7 सेकंदांत हात टेकते आणि बाकीच्यांना काम करू देते. ही मात्र घरगुती संगणकाची डिस्क होती. आधीची बिघडली तेव्हा कुणीतरी हाताशी होती ती बसवून दिली होती. घरगुती डिस्क चिकाटीची, सहजी हार मानत नाही. एकटी असती तर तो गुणच होता. इथे मोठं वाचन आठही डिस्कवर वाटलेलं, त्यामुळे उरलेल्या सात जणी हिच्यासाठी ताटकळत उभ्या.

पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 साली रेडची कल्पना मांडली, तेव्हा चिंता होती डिस्क मरण्याची. रडतखडत जगणारी डिस्क मेलेलीपेक्षा जास्त छळते, हे आम्हाला नोकरीत कळतं. बॅकअप तपासून मी ती आठवी डिस्क हातानेच ‘फेल’ ठरवली. त्याच मिनिटाला स्क्रीन हलू लागली. एक डिस्क कमी झाल्यावर अ‍ॅरे वेगाने चालतो, यावर साहेबांचा विश्वास बसेना. नवी डिस्क बसवून रात्री रीबिल्ड, म्हणजे तिच्यावर माहिती पुन्हा भरायचं काम, लावला. 4 टीबी, सेकंदाला 100 एमबीचा वेग, म्हणजे 11 तास. प्रस्ताव परत आला.

दुसऱ्या एका ठिकाणी वाचन झकास, पण लिहिणं एका रात्रीत रखडलं. तिथे डिस्क बिचाऱ्या निर्दोष. रेड कार्डावरची, म्हणजे या डिस्क सांभाळणाऱ्या कार्डावरची, बॅटरी मेली होती. बॅटरी गेली की कार्ड आपल्या कॅशेवर (तात्पुरत्या स्मृतीवर) विसंबत नाही, प्रत्येक लेखन थेट डिस्कवर पोचेपर्यंत थांबतं. त्यात रेड-6 मध्ये एक छोटं लेखन म्हणजे तीन वाचनं आणि तीन लेखनं. बॅटरी बदलली, संपलं. आणि एका मशीनचं भूत तर फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचं. तिथलं डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) त्या दिवशी मध्यरात्रीनंतर 12.57 ला अख्खा अ‍ॅरे तपासायला घ्यायचं, एवढंच!

नवी खरेदी कधीच करू नये, असं नाही. आठही डिस्क सारख्याच दमलेल्या दिसल्या, प्रत्येक जण सेकंदाला 80-100 विखुरलेली वाचनं करून टेकीला आलेली असली, तर एसएसडी, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवरच्या डिस्क, घ्याच. तिथे मीही सही करीन. पण आकडे न बघता मागवलेला सर्व्हर म्हणजे आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला. (आमच्या अ‍ॅरेचं नावही रेडच, त्यामुळे ही म्हण आमच्या खात्यात जरा जास्तच चालते.) कित्येकदा जुनीच कुरकुरणारी डिस्क नव्या खोक्यात बसवतात आणि महिन्याभरात तक्रार जशीच्या तशी.

पत्रलेखकांना विनंती आहे. पुढच्या वेळी ‘सर्व्हर स्लो आहे’ ऐकलं की ‘कुठली डिस्क?’ एवढंच विचारा. उत्तरादाखल समोरच्याने नुसतं हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं, तर त्याने अजून काही तपासलेलं नाही असं खुशाल समजा.

आपली,
रात्रपाळीतली एक वाचक
(कृपया नाव छापू नये.)