बंधारा दुरुस्त होईल, पाटकऱ्याचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पांझरा नदीवरच्या जुन्या फड बंधाऱ्यांच्या दुरुस्तीची बातमी आपल्या दैनिकात वाचली. आनंदच आहे. पण आमच्याकडे दुरुस्ती म्हटली की सिमेंट येतं, ठेकेदार येतो, फलक लागतो. चारीत आलेलं पाणी पुढे कुणी फिरवायचं, हे अंदाजपत्रकात कधीच नसतं.

आमचे सासरे फडाचे पाटकरी, म्हणजे चारीचं पाणी शेतोशेत फिरवणारे, होते. फडाची पद्धत तीन-चारशे वर्षांची. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि उसाचा फड दरसाल बदलायचा. पाऊसकाळ बघून यंदा कोणता फड पडीक ठेवायचा, ते गाव बसून ठरवायचं. एवढं तर शाळेतली पोरंही प्रकल्पाच्या वहीत लिहितात. पण खरी गोम वेगळीच होती. शेतमालकाने चारीला हात लावायचा नाही. पाणी द्यायचं ते पाटकऱ्यानेच. मालकाने बांधावर उभं राहून हवं तेवढं बोलावं, फावडं मात्र उचलायचं नाही. सासरे वाफा भरत आला की त्यात पाय घालून बघत. घोटा बुडाला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात. मालक पाटील असो की आणखी कुणी. मोबदला धान्यात, आणि तो सगळ्यांच्या खळ्यांवरून मिळे. म्हणून तर ते कुणा एकाचे नव्हते.

आता पाणी वापर संस्था आहे, तिच्यामागे 2005 चा कायदा आहे. पाणी मोजून घ्यावं आणि शेवटच्या शेतापासून वर भरत यावं, हे कागदावर अगदी नीट लिहिलंय. माझं शेत चारीच्या टोकाला, त्यामुळे हा नियम मला तोंडपाठ आहे. प्रत्यक्षात आवर्तन सुटलं की वरची मंडळी रात्री चारीत मोटर टाकतात. गेटचं कुलूप केव्हाच तुटलं, फळी कुणाच्या तरी गोठ्याला लागली. तक्रार कुणाकडे करायची? संस्थेचे पदाधिकारीही शेतकरीच, त्यांच्या शेतालाही पाणी हवंच आहे. माणसं वाईट नाहीत. पण ज्याला पाणी हवं त्याच्याच हातात फावडं दिलं, तर दुसरं काय होणार?

फड म्हणजे रामराज्य होतं, असं मात्र कुणी सांगू नये. ज्याची जमीन फडात नाही, त्याला पाण्यात वाटा नव्हता; भूमिहीनाला तर नव्हताच. या बाबतीत पुरंदरच्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी उभी केलेली पाणी पंचायत आमच्या फडाच्या पुढे होती. तिथे पाणी माणशी मोजलं, भूमिहीनांनाही वाटा दिला आणि उसाला बंदी केली. शिवाय एका फडात एकच पीक हे आज जमणारं नाही. कांदा, मका, डाळिंब, जो तो आपापल्या हिशेबाने लावतो. वर लाटीपाडा, खाली अक्कलपाडा धरण झालं, विहिरींवर मोटरा आल्या, तशी चारीची गरजही पुष्कळांना वाटेनाशी झाली. त्यांच्या विहिरींना झिरपा त्याच चारीचा आहे, हे मात्र पाणीपट्टीची गोष्ट निघाली की कुणाला आठवत नाही.

तेव्हा जुनी सगळी पद्धत परत आणा, असं माझं म्हणणं नाही. त्यातला पाटकरी तेवढा परत द्या. दुरुस्तीच्या निधीतच पहिल्या तीन वर्षांचा त्याचा पगार धरावा, पुढे तो पाणीपट्टीतून निघेल. त्यात विहीरवाल्यांनीही भर घालावी. नेमणूक ग्रामसभेत व्हावी, आणि त्या चारीवर त्याची स्वतःची जमीन नसावी. दिंडोरीकडे वाघाड धरणाखालच्या शेतकऱ्यांनी संस्था करून टोकापर्यंत पाणी नेलं. मग पांझरेकाठी ते का होऊ नये?

काम करायला आमच्या गावात दोन-तीन पोरं तयार आहेत. दिवाळीनंतर रब्बीचं पहिलं आवर्तन सुटेल. संबंधित खात्याने त्याआधी निदान एका बंधाऱ्यावर हे करून पाहावं, आणि गेटला नवं कुलूप लावून किल्ली त्या पोरांकडे द्यावी.

आपली,
एक शेतकरी भगिनी
ता. साक्री, जि. धुळे