ओलीच्या डागांत चित्र शोधावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘काय काढू, सुचतच नाही’ हे वाक्य कलाशिक्षक म्हणून मला रोज ऐकावे लागते आणि ते उच्चारता उच्चारता विद्यार्थ्याचा हात मोबाइलकडे वळतो, याचे मनापासून वाईट वाटते. मोबाइलवर सापडते ते दुसऱ्याने पुरे केलेले चित्र. त्यात आपल्या कल्पनेला शिरायला फटच उरलेली नसते. अशा प्रत्येकाला माझे सांगणे आहे की, या पावसाळ्यात घरातल्या ओल धरलेल्या भिंतीसमोर पाच मिनिटे नुसते बसून पाहावे.

हा खेळ जुना आहे. डागाळलेल्या भिंती, विस्तवाची राख, ढग आणि चिखल यांकडे निरखून पाहिले, तर त्यांत डोंगर, नद्या, लढाया आणि चेहरे सापडतात, असे लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. घंटेच्या नादात मनातला कोणताही शब्द ऐकू यावा, तसेच हे असल्याचे तो म्हणतो. रवींद्रनाथ टागोर तर हस्तलिखितातले खोडलेले शब्द रेषांनी जोडत जोडत चित्रांकडे वळले आणि १९३० मध्ये, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले.

माझ्या खिडकीखाली गेल्या आठवड्यात चुन्याचा पोपडा सुटला. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात तिथे मला इरले पांघरून भातलावणीला वाकलेली बाई दिसली. कोळशाने ती कागदावर उतरवताना पोपड्याची कुरतडलेली कड हीच इरल्याची कड झाली. ती नुसत्या मनाने मला कधीच काढता आली नसती.

मात्र डाग कल्पना देतो, हात देत नाही. बोत्तिचेल्ली या आपल्या समकालीन चित्रकाराचा उल्लेख करून लिओनार्दोनेही बजावले आहे की, असे डाग चित्राचा बारकावा पुरा करायला शिकवत नाहीत. म्हणून वस्तुचित्राचा आणि रेखाटनाचा रोजचा सराव सोडून हा खेळ खेळू नये.

शाळांना एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत भिंतींना रंग लागण्याआधी चित्रकलेचा एक तास त्या भिंतींसमोर घ्यावा, प्रत्येक मुलाला एकेक डाग वाटून द्यावा आणि खोडरबर दप्तरातच ठेवायला सांगावे.

आपला,
एक कलाशिक्षक, सातारा