फळ्याच्या कोपऱ्यात नावं लिहिणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

निरोपाच्या कार्यक्रमात शाल-नारळ झालं, भाषणं झाली, पण जे बोलायला हवं होतं ते राहूनच गेलं. म्हणून शाळेतले सहकारी आणि गावातले पालक मिळून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

आपली शाळा बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. आठवी ते दहावी, एकेकच तुकडी. ज्यांचे आई-बाप दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, अशी लेकरं इथे जास्त. काही बंजारा तांड्यावरून येतात, त्यांच्या घरात गोरमाटी बोली बोलतात. जी गावात मागे राहतात ती आजीच्या भरवशावर. ज्याला परवडतं तो मुलाला तालुक्याच्या शाळेत घालतो आणि मुलीला इथेच ठेवतो, म्हणून वरच्या वर्गात मुली जास्त. हे सगळं समोर दिसत असूनही तुम्ही शाळेत यायच्या आधी आढाव्याला येणारे साहेब एकच विचारायचे: निकाल किती टक्के? आणि आकडा ऐकला की पोरांसमोरच म्हणायचे, या पोरांत दमच नाही. ते शब्द त्या पोरांच्या अजून ध्यानात आहेत.

तुम्ही पहिल्याच बैठकीत साधा हिशेब मांडलात. वर्गात 25 मुलं असली की एक मूल म्हणजे 4 टक्के. तीन मुलं गणितात अडकली की निकाल 88 वर येतो आणि शाळा ‘ढासळली’ म्हणतात. पुढच्या वर्षी अशीच तीन मुलं नववीतच अडवून ठेवली किंवा त्यांना खाजगीरीत्या परीक्षेला बसायचा 17 नंबरचा फॉर्म भरायला लावला, तर शाळा शंभर टक्क्यांवर जाते, कारण खाजगी विद्यार्थ्यांचा निकाल मंडळ वेगळा मोजतं. त्या शंभर टक्क्यांचे बॅनर चौकात लागतात. तुम्ही त्या वाटेला गेला नाहीत. आठवीला किती आले आणि त्यातले किती दहावीच्या पेपरला बसले, ही मोजणी तुम्ही जनरल रजिस्टर उघडून केलीत. गळती तिथे होती, नववीत, आणि त्यात मुली जास्त होत्या. कुणी फडावर धाकट्या भावंडाला सांभाळायला नेलेली, कुणाचं लग्न उरकलेलं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज ‘पट, हजर, गैरहजर’ असे तीन आकडे लिहायची रीत बहुतेक शाळांत आहे. तुम्ही गैरहजरचा आकडा पुसलात आणि तिथे नावं लिहिलीत. प्रत्येक नावापुढे ते मूल आई-बापासोबत जिथल्या कारखान्यावर गेलंय ते गाव: कागल, माळेगाव, अथणी. टोळी हलली की वर्गातलंच कुणीतरी सांगायचं, बाई, ती आता अथणीला नाही, शिरोळला गेलीय. मग तुम्ही गाव बदलायच्या. त्या नावांवरूनच पोरांनी टोळीच्या मुकादमांचे नंबर मिळवून आणले आणि त्या फोनवर दर रविवारी सरावाच्या एका पानाचा फोटो जाऊ लागला. उसाच्या पाचटावर बसून सोडवलेली ती पानं परत यायची, घामानं आणि धुळीनं मळलेली. मार्चमध्ये परतलेल्या मुलीला कुणी ‘तू कोण?’ म्हणालं नाही. तिचं नाव वर्गाने सगळा हिवाळा डोळ्यांसमोर ठेवलं होतं. एवढ्या लहान गोष्टीला पैसा लागत नाही, आदेश लागत नाही. माणसाला माणूस म्हणून मोजायची तेवढी सवय लागते.

गणिताचंही तसंच. आपली पोरं भूमितीत नापास होतात असं सगळे धरून चालत होते. तुम्ही उत्तरपत्रिका घेऊन बसलात आणि चूक नेमकी कुठे होते ते खुणा करून दाखवलंत: दोन चलांतील रेषीय समीकरणांत समीकरणं एकमेकांतून वजा करताना ऋण चिन्ह सुटतं, सांख्यिकीत मध्य काढताना भागाकार चुकतो. म्हणजे दुखणं पाचवी-सहावीचं. म्हणून रोज पहिली दहा मिनिटं फक्त चिन्हं आणि भागाकार. पुस्तकाचा क्रमही तुम्ही बदललात. संभाव्यता आणि सांख्यिकी ही प्रकरणं दिवाळीच्या आत घेतलीत, कारण ती मागच्या प्रकरणांवर फारशी अडत नाहीत आणि मूल निघून गेलं तरी हातात राहतात. समरूपता मात्र घाईत उरकली नाहीत. ती कच्ची राहिली की त्रिकोणमिती पुढे सरकतच नाही. तांड्यावरच्या मुलांना शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत, याचं कारण तुम्ही भाषेत शोधलंत. उदाहरण आधी त्यांच्याच बोलीत सांगायला लावायचं, मग मांडणी. आकडेमोड त्यांची चांगलीच होती.

परीक्षेची तारीखही इथे आडवी येते. 2025 मध्ये दहावीचा लेखी पेपर 21 फेब्रुवारीलाच सुरू झाला, तेव्हा कारखान्यांचे गाळप चालूच असते. आई-बाप फडावर आणि पोरगी परीक्षेला, मग ती राहणार कुठे? हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. तुम्ही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या 2021 च्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेचे अर्ज भरून घेतलेत, आणि ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्या आज्यांच्या ओट्यावर जाऊन बसलात. आधार आणि रजिस्टरमधल्या नावांतला फरक दुरुस्त करायलाही तुम्हीच सांगितलंत. आधार जुळलं नाही की मूल संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्या मोजणीत, धरत नाहीत आणि त्यापायी गणिताच्या शिक्षकाचं पदच जातं, हे बऱ्याच शाळांना पद गेल्यावर कळतं.

चांगुलपणाची चर्चा फार होते, पण तो असा असतो. कुणाचं नाव नीट लिहिणं, त्याचं गाव लक्षात ठेवणं, तो परतल्यावर बाकावर सरकून जागा करणं. शाळेत असं एक माणूस असलं तरी बाकीच्यांना हळूहळू तसं वागावंसं वाटतं, हे आम्ही पाहिलं.

तुमचा सराव-पानांचा गठ्ठा कपाटात जपून ठेवलाय. शेजारच्या दोन शाळा झेरॉक्स काढून घेऊन गेल्या. गणितात राहिलेली पोरं जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसतील. त्यांच्यासाठी तुम्हाला दोन दिवस काढता आले तर आधी कळवा, एसटी फाट्यापर्यंतच येते, तिथून गाडी पाठवतो.

आपले कृतज्ञ,
शाळेतले सहकारी आणि पालक