पाठवणारा ओळखीचा, लिहिणारा कोण?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूबवर येणाऱ्या मजकुरावर किती विश्वास ठेवायचा, हा विषय फोनवर नीट होत नाही. मध्येच कुकरची शिट्टी होते, नाहीतर दारावर कुणी येतं, आणि मुद्दा अर्धाच राहतो. म्हणून सविस्तर लिहिते आहे. व्हॉट्सअ‍ॅप बंद करा, यूट्यूब पाहू नका, असं सांगणारं हे पत्र नाही. नातवंडांचे चेहरे रोज दिसतात, पंचवटीतली आरती घरबसल्या पाहता येते, ते सोडायचं काही कारण नाही.

बाबा, सकाळी पेपर वाचून झाला की शेवटच्या पानाचा तळ बघा. अगदी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईचा पत्ता दिलेला असतो. १८६७ च्या कायद्यापासून ही ओळ सक्तीची आहे. ती असली म्हणून पेपरात चुका होत नाहीत असं नाही, पण चूक झाली तर जाब कुणाला विचारायचा हे ठाऊक असतं. फॉरवर्डच्या तळाशी अशी ओळ नसते. वर नाव दिसतं ते पाठवणाऱ्याचं: बँकेतले जुने सहकारी, भजनी मंडळातल्या वहिनी, सोसायटीचे सेक्रेटरी. माणूस सज्जन आहे म्हणून आपण मजकुरालाही सज्जन मानतो, आणि खरी गडबड तिथेच होते. त्यांनी तो लिहिलेला नसतो, त्यांनाही तो कुणीतरी पाठवलेलाच असतो. मधे तपासणारंही कुणी नसतं, कारण व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश कंपनीला स्वतःलाच वाचता येत नाहीत.

एक खूण मात्र आहे. संदेशाच्या वर एकाला एक लागून दोन बाण दिसले, तर तो मूळ लेखकापासून निदान पाच हातांतून पुढे सरकत आला आहे असं समजा. एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. या बंधनानंतर अशा संदेशांचं फॉरवर्डिंग सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीनेच सांगितलं होतं. नुसतं बोट अडलं तरी एवढा फरक पडतो. पण बाण नाहीत म्हणजे मजकूर खरा, असं धरू नका. कुणी मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला किंवा फोटो फोनमध्ये ठेवून परत पाठवला, तर बाण पुसले जातात.

फॉरवर्डवर ही बंधनं आली ती आपल्या नाशिकच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या घटनेनंतर. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश तेव्हा फोनोफोनी फिरत होते. त्याच दिवसांत मालेगावातही एका कुटुंबावर जमाव धावून गेला, पोलिसांनी त्यांना कसंबसं वाचवलं. देशात इतरत्रही असे बळी जात होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. बाजारात जमलेल्यांपैकी किती जणांनी तो संदेश ‘असू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल’ म्हणून पुढे ढकलला असेल, याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

आता विश्वास कसा बसतो ते सांगते. १९७७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते जास्त खरं वाटू लागतं. पुढच्या प्रयोगांत तर असंही दिसलं की खरी माहिती आधीपासून असणारी माणसंही यातून सुटत नाहीत. ओळखीचं झालेलं वाक्य डोक्यात सहज शिरतं आणि त्या सहजतेलाच आपण खरेपणा समजतो. एकच संदेश सोसायटीच्या, जॉगिंग ट्रॅकच्या, माहेरच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर आला की मनाला चार साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं. साक्षीदार एकच असतो आणि त्याचंही नाव माहीत नसतं. ‘इतके लोक म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच’ हे वाक्य मनात आलं, तर आधी ते चौघे एकाच ठिकाणचं वाचून बोलत आहेत का, हे बघा.

रागावू नका, पण एक आकडा सांगायलाच हवा. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी फेसबुकवर खोट्या बातम्यांच्या संकेतस्थळांवरचे लेख ६५ वर्षांवरच्या लोकांनी सगळ्यात तरुण गटाच्या जवळपास सातपट शेअर केले होते. मात्र त्याच अभ्यासात, त्या वयाच्या बहुसंख्यांनी असा एकही लेख शेअर केलेला नव्हता. थोडकी मंडळी पुष्कळ पाठवत होती. तुमच्याही ग्रुपवर ती दोन-तीन नावं कोणती हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्या दोघा-तिघांचं नाव दिसलं की हात आखडा, निम्मं काम तिथेच होतं.

नाशिकमधलंच उदाहरण घ्या, बिबट्याचं. बिबट्या आपल्याकडे खरोखर येतो. गंगापूर रोडला येतो, सातपूरकडे येतो. म्हणून त्याचा खोटा व्हिडिओही लगेच पटतो. सपशेल अशक्य गोष्टीपेक्षा, काल खरी घडलेली गोष्ट आज खोटी सांगणं फार सोपं असतं. असा व्हिडिओ आला तर आधी दुकानांच्या पाट्या बघा. अक्षरं मराठी आहेत की वेगळ्याच लिपीतली? गाड्यांचे नंबर एमएच १५ चे, म्हणजे नाशिकचे आहेत का? लोकांच्या अंगावर स्वेटर आणि इथे उकाडा, असं तर नाही? मग व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा, गूगलच्या अ‍ॅपमध्ये शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर बोट ठेवून तो फोटो निवडा. तेच चित्र दोन वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडलं तर विषय संपला.

ही युक्ती जुन्या व्हिडिओला चालते, एआयने कालच बनवलेल्याला नाही, कारण त्याची जुनी प्रत कुठे नसतेच. ‘काही सापडलं नाही’ म्हणजे ‘खरं आहे’ असं होत नाही, हे लक्षात ठेवा. सहा बोटं, वेड्यावाकड्या पाट्या, विरघळणाऱ्या सावल्या या खुणाही दिवसेंदिवस कमी होत चालल्या आहेत, त्यामुळे आपल्या नजरेवर फार भिस्त ठेवू नये. अशा वेळी वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत संध्याकाळचं फिरणं टाळायचं तर खुशाल टाळा, फक्त व्हिडिओ पुढे पाठवू नका. सावध राहायला विश्वास ठेवावा लागत नाही.

पावसाळ्यात गोदेच्या पुराचंही तसंच. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडालेला व्हिडिओ २०१६ चा असू शकतो, २०१९ चाही असू शकतो, दोन्ही ऑगस्टमधलेच पूर. असे संदेश ‘आत्ता’, ‘आज’, ‘थोड्याच वेळापूर्वी’ असं म्हणतात आणि तारीख लिहीत नाहीत, त्यामुळे ते दरवर्षी ताजेच राहतात. गंगापूर धरणातून किती वाजता किती क्युसेक पाणी सोडलं, हे दोन आकडे ज्यात नाहीत तो पुराचा इशारा धरू नका. जिल्हा प्रशासन आणि पाटबंधारे खातं हे आकडे देतात, पेपरांच्या संकेतस्थळांवरही ते येतात.

आई, आता तुझ्यासाठी. तब्येतीच्या संदेशांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. बिबट्याची अफवा दोन दिवसांत विरते, पण मधुमेहाच्या नुसख्याची अफवा पोटात जाते. २०१९ मध्ये टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने संदेश फिरला की नारळाचं गरम पाणी कॅन्सर बरा करतं. असं काहीही म्हटलेलं नाही, असा खुलासा हॉस्पिटलला करावा लागला. तरी मोठ्या डॉक्टरचं नाव लावलेले असे संदेश थांबलेले नाहीत. नाव जितकं मोठं, तितकं ते त्या हॉस्पिटलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधायला हवं.

साखरेच्या नुसख्यांवर लोकांचा विश्वास का बसतो, तेही समजून घे. गोळी बंद केली तरी दुसऱ्या दिवशी काहीच दुखत नाही. साखर थोडी वाढली तर ती कळतही नाही. रक्तदाबाचंही तेच. पंधरा दिवस बरं वाटतं, श्रेय काढ्याला जातं, आणि तोच माणूस ‘मला स्वतःला गुण आला’ म्हणून पुढच्या पन्नास जणांना कळवतो. तो खोटं बोलत नसतो, चुकीचं मोजत असतो. एचबीए१सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, काय झालं ते तिच्यात कळतं, अंगाला काय वाटतं त्यात नाही. तेव्हा काहीही नवं घ्यायचं तर आधी डॉक्टरांना विचार, आणि चालू गोळी त्यांच्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नकोस. मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ‘मुळापासून बरा’ असं लिहिलेलं दिसलं की जाहिरातदार कायदा मोडतो आहे, एवढं नक्की समज.

आणखी दोन संदेश वर्षानुवर्षं फिरताहेत: हार्ट अटॅक आला की जोरजोरात खोका, आणि पक्षाघात झाला की बोटांना सुई टोचून रक्त काढा. दोन्हींत मोलाची मिनिटं वाया जातात. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर राहीना, बोलणं अडखळलं, तर घड्याळात वेळ बघून लगेच १०८. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यात हॉस्पिटलला पोचणं आणि स्कॅनही आलं.

मनःस्वास्थ्याबद्दल थोडक्यात. २०१८ मध्ये अमेरिकेत काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा साधारण तासभर मोकळा झाला, माणसं किंचित जास्त समाधानी दिसली, पण बातम्यांची माहितीही कमी झाली. म्हणजे फायदा आहे, पण चमत्कार नाही. पेपर शेवटच्या पानावर संपतो, यूट्यूब संपत नाही. २०१२ पासून यूट्यूबची शिफारस माणूस किती वेळ पाहत बसतो यावरही बेतलेली आहे, आणि माणसाला बसवून ठेवण्यात राग आणि भीती यांचा हात कुणी धरत नाही. बाबा, रात्री चर्चेचे व्हिडिओ पाहून झोप उडते त्याचं खापर सगळे पडद्याच्या उजेडावर फोडतात. माझ्या मते उजेडापेक्षा मजकूरच जास्त जागवतो. रात्री नऊनंतर जुनी गाणी ऐका की, तोच फोन, तोच उजेड.

आता हाताने करायची कामं. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना वरच्या बाजूला ऑटोप्लेची छोटी कळ असते, ती बंद करा. चीड आणणाऱ्या चॅनेलचा व्हिडिओ यादीत दिसला की त्याच्या शेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवून ‘डोन्ट रेकमेंड चॅनेल’ निवडा. चॅनेलच्या नावावर दाबून माहिती उघडली की ते कधी सुरू झालं आणि बहुतेक वेळा कोणत्या देशातलं आहे, तेही दिसतं. पेपरच्या तळाच्या ओळीचं काम तिथे थोडंफार होतं.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, मग स्टोरेज अँड डेटा, तिथे मीडिया ऑटो डाउनलोडच्या तिन्ही पर्यायांतल्या खुणा काढा. व्हिडिओ आपोआप उतरणार नाहीत, हवा तोच दाबून उघडाल, फोनही भरणार नाही. प्रायव्हसीत ग्रुप्सवर जाऊन ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवा, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला शेअर बाजाराच्या टिपांच्या ग्रुपात ओढू शकणार नाही. लग्नपत्रिका किंवा वाहनाचा दंड म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल आली तर तिला हात लावू नका. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते, एपीकेमध्ये कधीच येत नाही. आणि व्हिडिओ कॉलवर गणवेशातला कुणी ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, घरात कुणाला सांगू नका’ म्हणाला तर फोन ठेवून द्या. अशी अटक कायद्यातच नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला फोन करा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असते, लवकर कळवलं तर वाटेत गोठवता येते.

कुणाची चूक दिसली तर ग्रुपवर चारचौघांत सांगू नका. माणूस हट्टाला पेटतो आणि संदेश आणखी वर येतो. त्यांना वेगळा फोन करा. लिहायचंच तर खरी गोष्ट आधी, खोटी एकदाच, मग परत खरी. खोट्या फोटोवर ‘हे चुकीचं आहे’ असं लिहून तोच फोटो पाठवू नका, पुढे जाताना ओळ गळते आणि फोटो तेवढा उरतो. पीआयबी, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं फॅक्ट चेक, केंद्र सरकारशी संबंधित दावे तपासतं. बाकीच्या दाव्यांसाठी फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर ही तपासणी करणारी संकेतस्थळं मराठीतही आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनचं, म्हणजे खात्याला लावायच्या दुसऱ्या कुलपाचं राहिलं. त्यात सहा आकडी पिन ठरवावा लागतो. जन्मतारीख नको, घर नंबरही नको. दिवाळीला येईन तेव्हा आपण तिघं बसून करू. तोवर एसएमएसने आलेला व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी कोड मागणारा कुणाचाही फोन आला, अगदी माझ्या आवाजात आला, तरी देऊ नका.

तुमची,
धाकटी