पुतणीच्या शिष्यवृत्तीबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि पुतणीच्या गुणपत्रिका मिळाल्या. गुण उत्तम आहेत, पण रोटरीच्या शिष्यवृत्तीत गुणपत्रिकेचा नंबर बराच खाली लागतो. त्याआधी हे ठरायला हवं की तिच्यासाठी अर्ज कोण करणार. ग्लोबल ग्रँट म्हणजे रोटरी फाउंडेशन या रोटरीच्या धर्मादाय संस्थेकडून मिळणारं मोठं अनुदान; त्यातल्या शिष्यवृत्तीत विद्यार्थिनीने आपली माहिती भरायची असते. अर्ज करतात ते पुरस्कर्ते. एक तिच्या राहत्या प्रांतातला (प्रांत म्हणजे रोटरीचा डिस्ट्रिक्ट, अनेक क्लबांचा गट), दुसरा ती शिकायला जाईल तिथला. क्लब करू शकतात, प्रांतही करू शकतात, पण दोन्ही टोकं लागतातच. परदेशातल्या टोकाशिवाय अर्ज पुढे सरकत नाही आणि बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं.

आणखी एक, आणि हे आधी वाच. तिच्या वडिलांना क्लबचं सभासद करून घ्या म्हणजे काम सोपं होईल, असं कुणीतरी तुम्हाला सुचवलंय. हे अजिबात करू नका. सभासदाचा जोडीदार, मुलं, नातवंडं, आईवडील या शिष्यवृत्तीला अपात्र ठरतात आणि सभासदत्व सोडल्यावरही 36 महिने ती अपात्रता चिकटून राहते. काका या यादीत बसत नाही, म्हणून तू खुशाल सभासद हो. फक्त निवड समितीच्या जवळपास फिरकू नकोस.

तुला मिळालेला बाकीचा सल्लाही बहुतेक जुन्या योजनेचा दिसतो. रोटरी फाउंडेशनची कल्पना 1917 मध्ये रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी मांडली, पहिली देणगी होती 26 डॉलर 50 सेंट. 1947 मध्ये रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस वारले, त्यांच्या स्मरणार्थ पैशांचा ओघ सुरू झाला आणि त्याच वर्षी पहिले 18 विद्यार्थी परदेशी गेले. पुढे या योजनेला ‘अँबॅसडोरियल’ शिष्यवृत्ती म्हणू लागले. विषय कोणताही चाले. अपेक्षा एवढीच की यजमान देशातल्या क्लबांत जाऊन आपल्या देशाबद्दल बोलायचं, तिथलं ऐकून परत येऊन इथे सांगायचं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त झालेल्या सादाको ओगाता याच वाटेने जॉर्जटाउन विद्यापीठात शिकल्या. ती योजना 2013 मध्ये बंद झाली. सद्भावनेचा भाग राहिला, पण विषयाला कुंपण पडलं.

आता विषय सात क्षेत्रांपैकी एकात बसलाच पाहिजे: शांतता, रोगप्रतिबंध, पाणी व स्वच्छता, माता-बालआरोग्य, मूलभूत शिक्षण, स्थानिक समाजाचा आर्थिक विकास, आणि सगळ्यात उशिरा आलेलं पर्यावरण. पदव्युत्तर शिक्षण किंवा संशोधनच चालतं, एक ते चार शैक्षणिक वर्षांचं. पदवीला पैसे मिळत नाहीत.

तिचा ओढा पाण्याकडे आहे, म्हणजे क्षेत्र आहेच. अडचण अशी की तिने निवडलेल्या पदव्युत्तर पदवीचं नाव नुसतं ‘स्थापत्य अभियांत्रिकी’ आहे. छाननी करणारा नाव बघून थांबू शकतो, म्हणून अभ्यासक्रमातल्या विषयांची यादी जोडा आणि पाणीपुरवठा, सांडपाणी, जलगुणवत्ता हे विषय किती श्रेयांकांचे आहेत ते स्पष्ट लिहा. तिच्या निवेदनात ‘मला पाणीप्रश्नावर काम करायचं आहे’ असं वाक्य आहे. ते वाक्य शंभर अर्जांत असतं. त्याऐवजी: मैलापाणी जमेल तिथेच शुद्ध करणारी छोटी केंद्रं का बंद पडतात, त्यातलं आपण काय शिकणार, परतल्यावर कोणत्या प्रकारच्या संस्थेत ते वापरणार. आधी केलेलं काम, आताचा अभ्यास आणि पुढची नोकरी एका ओळीत ओवलेली दिसली पाहिजेत. मधला एक मणी निसटला की अर्ज परत येतो.

पैशांचं गणित समजून घे, म्हणजे प्रांतवाले का-कू का करतात ते कळेल. अंदाजपत्रक किमान 30,000 डॉलरचं लागतं. प्रांत आपल्या निधीतून जे घालतो त्यावर फाउंडेशन आपल्या जगनिधीतून (वर्ल्ड फंड) 80 टक्के भर घालतं. म्हणजे 30,000 उभे करायला प्रांतांना मिळून 16,667 डॉलर काढावे लागतात, वर 13,333 येतात. क्लबने रोख दिलेल्या रकमेवर अशी भर मिळत नाही. प्रांताचा हा निधीही आभाळातून पडत नाही: सभासदांनी फाउंडेशनच्या वार्षिक निधीला दिलेल्या देणग्यांचा जेमतेम निम्मा हिस्सा तीन वर्षांनी प्रांताकडे परत येतो. तेवढ्यातच पोलिओ, दवाखाने, शाळा सगळं भागवायचं. त्यामुळे एका मुलीवर एवढे का खर्चायचे, हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे.

अंदाजपत्रकात शुल्क, राहणं-जेवण, साध्या वर्गाचा विमानप्रवास, व्हिसा, लसी, विमा धरता येतात. मंजुरीच्या आधी झालेला खर्च मिळत नाही, म्हणून तिकिटाची घाई नको.

वेळेचं म्हणशील तर सप्टेंबरात वर्ग सुरू व्हायचे असतील तर वर्षभर आधी क्लबला भेटा. ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान निघणाऱ्यांचे अर्ज 30 जूनपर्यंत फाउंडेशनकडे पोहोचावे लागतात. प्रांताची अंतर्गत मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते आणि ती प्रत्येक प्रांताची वेगळी. 1 जुलैला प्रांतपाल (प्रांताचा प्रमुख) आणि समित्या बदलतात. जूनमध्ये तोंडी ‘हो’ म्हणालेला माणूस जुलैत त्या खुर्चीवर नसतो, म्हणून होकार लेखी घ्या. विद्यापीठाचं प्रवेश दिल्याचं पत्रही बिनशर्त हवं. फक्त पैशांच्या पुराव्याची अट राहिली असेल तर चालतं.

यजमान क्लब शोधायला विद्यापीठ ज्या शहरात आहे तिथल्या क्लबांना तिने स्वतः लिहावं, पण इथल्या क्लबच्या सचिवाचं पत्र सोबत जोडून. त्यांच्याकडे पहिल्याच पत्रात पैसे मागू नयेत. मागायचा तो एक समुपदेशक: विमानतळावर उतरवून घेणारा, घर शोधायला मदत करणारा, सभेला नेणारा. एवढं मागितलं की क्लब सहज तयार होतात.

मुलाखतीत तिला बहुधा असं विचारतील की दुपारच्या जेवणानंतर पेंगुळलेल्या चाळीस अनोळखी लोकांसमोर दहा मिनिटं काय बोलशील. तिने ‘आमची महान संस्कृती’ सुरू केली की गेलं. एका नळाची, एका गटाराची गोष्ट सांगावी, आणि शेवटी तिथल्या पाण्याबद्दल त्यांनाच एक प्रश्न विचारावा. परदेशी गेल्यावरही नेमकं हेच करायचं आहे. शिवाय दर 12 महिन्यांनी अहवाल आणि काम संपल्यावर दोन महिन्यांत अंतिम अहवाल. पावत्या पहिल्या दिवसापासून जपायला सांग.

हे जुळलं नाही तर प्रांताची डिस्ट्रिक्ट ग्रँट, म्हणजे प्रांत स्वतः वाटतो ते छोटं अनुदान, विचारून बघ. तिला किमान रकमेची अट नाही, सात क्षेत्रांचं कुंपणही नाही; रक्कम अर्थात लहान. पीस फेलोशिपचं, म्हणजे शांतताविषयक अभ्यासासाठीच्या रोटरीच्या वेगळ्या शिष्यवृत्तीचं, नाव तू घेतलंस, पण तिथे पदव्युत्तर पदवीसाठीही तीन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, तो तिच्याकडे अजून नाही.

निवेदनाचा नवा मसुदा आणि विषयांची यादी दोन्ही पाठव. यादी आधी.

तुझा,
वसंत