‘रुग्ण सहकार्य करत नाही’

प्रिय माऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस, "त्या आजोबांच्या केसपेपरवर मी सरळ लिहून टाकलं, रुग्ण सहकार्य करत नाही." तुझी सलग दुसरी नाईट होती, आवाज बसला होता, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना.

विल्यम बोमाँट हे नाव तू फर्स्ट इयरला फिजिऑलॉजीत वाचलं असशील. पोटाला भोक पडलेला माणूस आणि त्याच्यावर प्रयोग करणारा डॉक्टर, एवढंच आपण परीक्षेपुरतं लक्षात ठेवतो. मी गेल्या काही वर्षांत त्याच्याविषयी बरंच वाचलं. माणूस आपल्यासारखाच होता गं, मोठ्या कॉलेजातला नव्हे. एका गावातल्या डॉक्टरच्या हाताखाली शिकला, 1812 साली परवाना मिळवला आणि लगेच अमेरिकेच्या सैन्यात सहायक सर्जन म्हणून भरती झाला. एप्रिल 1813 मध्ये यॉर्कच्या (म्हणजे आजच्या कॅनडातल्या टोरांटोच्या) लढाईत दारूगोळ्याचं कोठार उडालं, तेव्हा त्याने अठ्ठेचाळीस तास न खाता, न झोपता हातपाय कापले, कवट्या उघडल्या. आणि हे सगळं डायरीत लिहून ठेवलं! दोन रात्री जागून वर लिहीत बसणं काय असतं, ते आत्ता तुझ्याइतकं कोणाला कळणार?

अमेरिका-ब्रिटन युद्ध संपल्यावर 1815 साली सैन्य सोडून त्याने प्लॅट्सबर्ग या छोट्या गावात दवाखाना टाकला. काही वर्षं तिथे काढली, पुन्हा सैन्यात गेला आणि मॅकिनॅक बेटावरच्या किल्ल्यात त्याची नेमणूक झाली.

6 जून 1822 रोजी त्या बेटावरच्या फर कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक उडाली. अलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा कॅनडाचा एक तरुण कामगार जेमतेम यार्डभर अंतरावर उभा होता. छऱ्यांनी त्याची डावी कूस फाटली. फुप्फुसाचा तुकडा बाहेर आलेला, जठराला भोक पडलेलं आणि त्यातून सकाळचा नाश्ता वाहत होता. हा काही तासांचाच सोबती, असं बोमाँटला वाटलं. तरी त्याने जखम धुतली, बांधली. सतरा दिवस जे तोंडाने जायचं ते जखमेतून बाहेर यायचं. माणूस जगला, पण भोक बुजलं नाही. उपचाराचा खर्च उचलायला स्थानिक अधिकारी तयार होईनात, तेव्हा बोमाँटने त्याला स्वतःच्या घरी आणलं. हे विसरू नकोस. त्याच्याविषयी पुढे जे लिहिणार आहे ते या चांगुलपणाच्या शेजारी ठेवून वाच.

1 ऑगस्ट 1825. दुपारी बारा वाजता त्याने रेशमी दोऱ्याला मांसाचे निरनिराळे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून त्या भोकातून आत सोडले. एक वाजता दोरा ओढून पाहिला. कोबी आणि पाव अर्धे विरघळलेले, मांस जसंच्या तसं. दोन वाजता कोबी-पाव गायब आणि उकडलेलं मांसही गेलेलं. मधल्या वेळात सेंट मार्टिन घरकामाला लागलेला होता. दोरा पोटात, टोक बाहेर आणि हातात काम! त्याला अस्वस्थ वाटू लागलं, दुसऱ्या दिवशी पोट आणि डोकं दुखत होतं, हेही नोंदवलेलं आहे. पुढच्या आठ वर्षांत असे दोनशेहून अधिक प्रयोग झाले. जठररसात हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं, तो रस बाहेर काढून बाटलीत ठेवला तरी अन्न पचवतो, हे त्याने दाखवलं. निकाल मनासारखा येवो न येवो, जसा आला तसा लिहिला. वेळ, तापमान, तुकड्याचं वजन सगळं. 1833 साली पुस्तक निघालं, तेही त्याच प्लॅट्सबर्गमध्ये छापून. नोंद कशी ठेवावी हे त्याच्याकडून शिकावं, असंच मी तुला सांगेन.

पण त्या नोंदींमध्ये सेंट मार्टिन कुठे आहे, हे शोधायला गेले आणि थबकले. त्याच्या पोटाचं तापमान आहे, रसाचा रंग आहे. तो स्वतः दिसतो कधी? चिडला की! कारण चिडल्यावर पचन बिघडतं, पित्त दिसतं, म्हणून त्याचा राग कामाचा. का चिडला, ते जवळजवळ नाहीच. 1832 सालचा करार आहे: वर्षाला 150 डॉलर, राहणं-जेवण-कपडे आणि बदल्यात पोट प्रयोगांसाठी खुलं. लिहिता येत नसल्यामुळे खाली त्याने नुसती फुली मारली आहे. बोमाँटच्या पत्रांमध्ये तो हट्टी, बेभरवशाचा, न सांगता निघून जाणारा. अगं, तो गेला कुठे? कॅनडात आपल्या माणसांत, लग्न केलं, मुलं झाली. 1834 नंतर तो परत आलाच नाही, बोमाँट पत्रं पाठवत राहिला.

म्हणजे तुझंच वाक्य, माऊ. रुग्ण सहकार्य करत नाही.

मी कोणाला नावं ठेवायला बसलेले नाही, कारण हेच वाक्य मीही लिहिलं आहे. तू लहान होतीस तेव्हाची गोष्ट. बीपीची एक बाई यायची. प्रत्येक वेळी बीपी चढलेलं, प्रत्येक वेळी गोळ्या शिल्लक. मी पेपरवर लाल पेनाने लिहिलं, "गोळ्या घेत नाही, सांगून ऐकत नाही." वर तिला रागावलेही. वर्षभर असंच चाललं. मग एकदा ती तपासणीच्या टेबलावरून उतरताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती सकाळची गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागतं. कामावर सोयच नाही हो." लघवी वाढवणारी गोळी मीच दिलेली. वर्षभरात एकदाही मी "का" म्हणून विचारलं नव्हतं. गोळी बदलली, दोन महिन्यांत बीपी उतरलं. तो पेपर मी फाडला नाही. खाली खरं कारण लिहिलं, तारीख घातली. अजून कपाटात आहे, घरी आलीस की दाखवीन.

बोमाँट 1853 मध्ये गेला. त्याचे कागद सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात नीट जपून ठेवलेले आहेत. सेंट मार्टिन त्यानंतर सत्तावीस वर्षं जगला, पोटात ते भोक घेऊन. 1880 साली तो वारला तेव्हा डॉक्टरांना त्याचं जठर हवं होतं. घरच्यांनी ऐन उन्हाळ्यात प्रेत मुद्दाम जास्त दिवस ठेवलं, ते चिरफाडीच्या कामाचं राहू नये म्हणून, आणि मग आठ फूट खोल पुरलं.

तुझ्या वॉर्डातले ते आजोबा जेवणाचं ताट परत पाठवतात आणि सलाईनची सुई काढून टाकतात, असं म्हणालीस ना? त्यांच्या दातांच्या कवळीचं काय झालं, विचारलंस का? घरून भेटायला कोण येतं? आज राऊंड संपल्यावर पाच मिनिटं त्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बस. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत त्या वाक्याखाली लिही आणि मला फोनवर वाचून दाखव. मी जागी असेन.

तुझी,
आई